एकाच तारखेचे दोन कायदे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लोकशाहीच्या इतिहासावर जी लेखमाला चालू आहे, तिच्यातील १८३२ च्या ब्रिटिश सुधारणा कायद्यावरचा भाग लक्षपूर्वक वाचला. ओसाड पडलेल्या गावांना दोन-दोन खासदार आणि मँचेस्टर, लीड्ससारख्या गजबजलेल्या शहरांना एकही नाही, ही जुनी व्यवस्था कशी मोडली, याचे वर्णन लेखकाने उत्तम केले आहे. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाविषयी. तेथे गुलामगिरी आणि साम्राज्य या दोन्ही गोष्टी ‘त्या काळाच्या मर्यादा’ म्हणून एका वाक्यात निकालात काढल्या आहेत आणि मताधिकाराचा परीघ पुढे यथावकाश रुंदावत गेला, असा निर्वाळा दिला आहे. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवताना हीच मांडणी मी एकामागून एक पाठ्यपुस्तकांत पाहत आलो. सुधारलेल्या पार्लमेंटने आपल्या पहिल्याच वर्षात काय केले ते तपासले, तर ही मांडणी टिकत नाही, असे माझे मत आहे. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

२८ ऑगस्ट १८३३ ही तारीख घ्या. त्या दिवशी दोन कायद्यांना राजसंमती मिळाली. एक होता ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा. दुसरा होता ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत आणखी वीस वर्षांनी वाढवणारा. आपल्याकडची स्पर्धा परीक्षांची मुले ‘१८३३ चा चार्टर ॲक्ट’ म्हणून ज्याची कलमे पाठ करतात, तोच. पहिला कायदा मानवमुक्तीच्या प्रकरणात शिकवला जातो, दुसरा भारताच्या घटनात्मक विकासाच्या. दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या पेपरांत असल्यामुळे ती शेजारी ठेवून वाचण्याची वेळ विद्यार्थ्यावर येत नाही, आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यावरही येत नाही.

आधी पहिला कायदा. सुमारे आठ लाख माणसांची मुक्तता त्याने जाहीर केली आणि त्यांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ब्रिटिश सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या साधारण चाळीस टक्के एवढी ही रक्कम होती. तेवढा पैसा तिजोरीत नव्हता, म्हणून १८३५ मध्ये रॉथ्सचाइल्ड आणि माँटिफिओरी या लंडनच्या धनकोंमार्फत दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारण्यात आले. या कर्जाची शेवटची बाकी २०१५ मध्ये फिटली, असे ब्रिटिश अर्थखात्यानेच २०१८ मध्ये सांगितले. म्हणजे गुलामांचे जे वंशज जमैका किंवा बार्बाडोसहून येऊन लंडनमध्ये बसचालक आणि परिचारिका झाले, त्यांच्या पगारातून कापलेल्या करातही या भरपाईचा वाटा होता. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांच्या करातही होता.

भरपाईचे तक्ते पाहण्यासारखे आहेत. मूल्यमापन करणाऱ्यांनी प्रत्येक मळ्यावरच्या माणसांची प्रतवारी लावली: मुकादम, कारागीर, शेतावरचे मजूर, घरगडी, आणि मग दोन रकाने, ‘सहा वर्षांखालील मुले’ व ‘वृद्ध, आजारी किंवा अन्यथा निरुपयोगी’. सहा वर्षांखालील मुले कायद्याने तत्काळ मोकळी झाली होती. तरी त्यांचेही पैसे मालकांना मिळाले. बाकीच्यांना ‘शिकाऊ उमेदवार’ असे गोंडस नाव देऊन जुन्याच मालकाकडे राहण्याचे बंधन घालण्यात आले. शेतावरच्या माणसाने आठवड्याला पंचेचाळीस तास बिनमोबदला राबायचे, आणि तेही १८४० पर्यंत. ऊस तोडण्यात ज्याची हयात गेली, त्याने आणखी कोणते शिक्षण घ्यायचे होते, हा प्रश्न वसाहतींतल्या लोकांनीच इतक्या मोठ्याने विचारला की ही उमेदवारी १८३८ मध्येच गुंडाळावी लागली. ज्यांच्या पाठीवर वळ होते, त्यांना दोन कोटींतला एक पेनीही मिळाला नाही.

ही मुक्तता केवळ इंग्लंडमधल्या सदसद्विवेकबुद्धीतून आली, असेही समजण्याचे कारण नाही. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम शार्प या गुलाम धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने हजारो लोकांनी काम बंद केले आणि त्याचे बंडात रूपांतर झाले. तीनशेहून अधिक लोकांना देहदंड देण्यात आला. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी झाली. सुधारणा कायद्याला राजसंमती मिळाली ७ जूनला. आपल्या लेखमालेत दुसरी तारीख ठळक अक्षरांत आहे. पहिली नाही. त्या पंधरवड्यात ब्रिटिश राजसत्तेखाली मोकळे होऊ पाहणाऱ्या माणसांचे दोन समूह होते आणि एकाला मतपत्र, दुसऱ्याला दोर मिळाला. मतपत्र म्हटले तरी ते प्रौढ पुरुषांतल्या जेमतेम पाचव्या हिश्शालाच मिळाले आणि स्त्रियांना तर कायद्यात प्रथमच शब्द घालून वगळण्यात आले, हे आपल्या लेखकाने सांगितलेच आहे.

आता दुसरा कायदा. या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, चीनच्या चहाची मक्तेदारी गेली, कंपनी निव्वळ राज्यकर्ती उरली. मग भागधारकांचे काय? त्यांना साठ लाख पौंडांच्या भागभांडवलावर दरसाल साडेदहा टक्के लाभांश, म्हणजे वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड, चाळीस वर्षे मिळतील अशी हमी देण्यात आली आणि त्यानंतर शंभराच्या भागाला दोनशे देऊन तो सोडवून घेण्याची तरतूद झाली. कंपनीने आपली व्यापारी मालमत्ता सोडून दिली आणि त्यातून एक राखीव निधीही बाजूला काढला गेला, हे मान्य करायलाच हवे. पण दरसालचा लाभांश बसवला गेला तो हिंदुस्थानच्या महसुलावर. चाळीस वर्षांची बेरीज केली तर ती अडीच कोटी पौंडांच्या वर जाते. गुलामांच्या मालकांना मिळालेल्या रकमेपेक्षा ही अधिक आहे. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले, तरी लाभांश चालूच राहिला; कंपनी कागदोपत्री मिटली ती १ जून १८७४ रोजी.

हिंदुस्थानचा महसूल म्हणजे मुख्यतः शेतसारा. तो कोण भरत होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. पेशवाई बुडाल्यानंतर पुणे जिल्ह्यात रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी करून नवा सारा बसवला, तो १८३० च्या सुमारास. पीक काढण्याचा खर्च वजा जाता जे उरेल, त्याचे पंचावन्न टक्के सरकारचे, असे त्याचे सूत्र होते. हे सूत्र प्रिंगलच्या कल्पनेतून आलेले नव्हते. जमिनीचा खंड हा मालकाच्या श्रमाचे फळ नसतो, म्हणून तो सरकारने घेतला तर कोणाचेच नुकसान होत नाही, हा रिकार्डोच्या अर्थशास्त्रातून निघालेला सिद्धांत लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीत बसून, कंपनीचे अधिकारी जेम्स मिल मांडत होते. कागदावर तो सुरेख दिसतो. इंदापूरच्या माळरानावर मात्र पाहणीचे आकडेच चुकीचे होते, धान्याचे भाव कोसळले होते आणि पावसाची शाश्वती तेव्हाही नव्हती. सारा वसूल करण्यासाठी रयतेचा छळ झाला, लोक घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत पळून गेले, असे खुद्द मुंबई सरकारच्या नंतरच्या अहवालात नमूद आहे. शेतेच्या शेते पडीक राहिली. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासूनच नव्याने मोजणी सुरू केली आणि सारा उतरवला. लंडनमध्ये साडेदहा टक्क्यांची हमी लिहिली जात होती, ती बरोबर या पडीक शेतांच्या काळात. (याच विंगेटने निवृत्तीनंतर १८५९ मध्ये लिहिले की, एका देशात गोळा केलेला कर त्याच देशात खर्च होणे आणि दुसऱ्या देशात खर्च होणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, इंग्लंड हिंदुस्थानाकडून घेते ती खंडणी आहे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्या हाताशी अशा साहेबांच्याच साक्षी होत्या.)

दोन्ही कायदे असे शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. दोन्हींत मालमत्ता पवित्र मानली आहे. मळेवाल्यांची मालमत्ता माणसे होती, भागधारकांची मालमत्ता एका देशाच्या महसुलावरचा हक्क होता. दोन्हींची किंमत ठरवून ती देण्याची हमी लोकनियुक्त सभागृहाने घेतली. एकीकडे ती ब्रिटनमधल्या साखर, चहा, दारूवरच्या करांतून गेली, म्हणजे ज्यांना मत नव्हते अशा गरिबांच्याही ताटातून. दुसरीकडे रयतेच्या साऱ्यातून. आणि श्रम करणाऱ्याचे देणे दोन्ही हिशेबांत कुठेच धरलेले नाही.

या दोन कायद्यांत आणखी एक दुवा आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्याच्या ६४ व्या कलमाने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना यांना त्यातून वगळले. हिंदुस्थानातली गुलामगिरी ‘यथावकाश’ संपवावी, अशी सूचना सनदेच्या कायद्यात घातली गेली आणि प्रत्यक्ष कायदा १८४३ मध्ये झाला. कॅरिबियन बेटांवर मोकळ्या झालेल्या माणसांनी मळ्यांवर पडेल त्या मजुरीत राबायला नकार दिला, तर उसाला हात कोठून आणायचे, याचे उत्तर मालकांनी त्याच वगळलेल्या मुलखात शोधले. मॉरिशसला ‘ॲटलस’ जहाजातून पहिली करारबद्ध तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी उतरली. जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी अडीच हजारांवर गुलामांचा मालक होता. त्याला भरपाईपोटी लाखाहून अधिक पौंड मिळाले. दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारा येथल्या त्याच्याच मळ्यावरून १८२३ चे मोठे बंड सुरू झाले होते. त्याचा मुलगा विल्यम सुधारलेल्या पार्लमेंटमध्ये नुकताच निवडून आला होता आणि त्याचे सुरुवातीचे महत्त्वाचे भाषण वडिलांच्या मळ्यांचा बचाव करणारे होते. हाच पुढे चार वेळा पंतप्रधान झाला आणि उदारमतवादाचा मानबिंदू ठरला. जानेवारी १८३६ मध्ये जॉन ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या एका पेढीकडे पत्राने मजुरांची मागणी नोंदवली. पेढीने कळवले की, छोटा नागपूरकडचे ‘धांगर’ मिळतील (हे आपल्याकडचे धनगर नव्हेत, बहुतांशी उरांव आदिवासी). त्यांना धर्म नाही, शिक्षण नाही, खाणे-पिणे-झोपणे यांपलीकडे गरजा नाहीत, आणि माणसापेक्षा ते माकडालाच जवळचे आहेत, असे लोक म्हणतात. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे ब्रिटिश गयानाला पोहोचली.

पेढीचे हे पत्र मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते द्वेषाने लिहिलेले नाही. तो बाजारभाव आहे. माल कसा आहे, किती सोसेल, किती खाईल, तक्रार करील का, याचा तपशील गिऱ्हाइकाला पुरवलेला आहे. वंशाविषयीची समजूत इथे व्यापाराच्या आड येत नाही. तिच्याच आधाराने मजुरी ठरते. सेड्रिक रॉबिन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये ‘वांशिक भांडवलशाही’ची जी विस्तृत मांडणी केली (ही संज्ञा त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी अभ्यासकांनी वापरली होती), तिचा गाभा मला तरी या पत्रात सापडतो: भांडवलशाही जसजशी पसरते तसतसा माणसामाणसांतला जन्मजात मानला गेलेला भेद ती पुसत जात नाही, तो भेद वापरते, हवा तेथे नवा घडवते आणि त्यावर कामाची व दामाची उतरंड रचते. या मांडणीत अतिशयोक्ती होऊ शकते, याची मला जाणीव आहे. प्रत्येक शोषणाला वंशाचे लेबल लावले की विश्लेषण संपते आणि घोषणा उरतात. १८३३ च्या बाबतीत मात्र तसे करण्याची गरज पडत नाही, इतके सगळे कागदावर लिहून ठेवलेले आहे.

मग राजकीय विचारवंतांचे काय? त्यांना हे दिसत नव्हते का? दिसत होते, आणि त्यांनी त्याची सोय लावून ठेवली होती. १० जुलै १८३३ रोजी सनदेच्या विधेयकावर थॉमस मेकॉले कॉमन्स सभागृहात बोलला. हिंदी लोक युरोपीय ज्ञान घेऊन एक दिवस युरोपीय संस्थांची मागणी करतील आणि तो इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा दिवस असेल, हे त्या भाषणातले वाक्य सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच भाषणात त्याने हेही सांगितले की, हिंदुस्थानात प्रातिनिधिक संस्था देता येणार नाहीत. साक्षीला त्याने कोणाला उभे केले, तर जेम्स मिलला. प्रातिनिधिक शासनच काय ते चांगले शासन, असा निबंध लिहून इंग्लंडमधल्या सुधारणावाद्यांचे गुरू झालेले हे गृहस्थ; संसदीय समितीने त्यांना विचारले, हिंदुस्थानात ते शक्य आहे का? ‘अजिबात नाही,’ असे त्यांचे उत्तर. चारच वर्षांपूर्वी मेकॉलेने याच मिलच्या त्याच निबंधाच्या चिंधड्या उडवल्या होत्या. इंग्लंडच्या लोकशाहीविषयी दोघांचे हाडवैर, हिंदुस्थानाविषयी गळ्यात गळा.

मेकॉले निवडून कोठून आला होता? लीड्समधून. सुधारणा कायद्याने प्रथमच ज्या शहरांना प्रतिनिधित्व दिले, त्यांतलेच ते. म्हणजे मताधिकार नुकताच मिळालेल्या लोकांचा प्रतिनिधी दहा कोटींच्या घरातल्या लोकांना मताधिकार का नको, हे सांगत होता. ते ऐकायला सभागृहात फारसे कोणी नव्हते, आणि त्याची त्याला स्वतःलाच खंत होती. कोल्ड बाथ फील्ड्समध्ये एखाद्याचे डोके फुटले तर इथे जी खळबळ होते, ती हिंदुस्थानातल्या तीन घनघोर लढायांनीही होत नाही, असे तो म्हणाला. कोल्ड बाथ फील्ड्स हे लंडनमधले ठिकाण. दोन महिन्यांपूर्वी, मे १८३३ मध्ये, १८३२ ने ज्यांना हुलकावणी दिली त्या कामगारांनी मताधिकारासाठी तेथे सभा भरवली होती आणि पोलिसांनी ती लाठ्यांनी उधळली होती. एकाच वाक्यात मेकॉलेने, बहुधा नकळत, मत नसलेल्यांचे दोन्ही जथे शेजारी आणून बसवले. पुढे सनदेच्या नव्या कायद्याने निर्माण झालेल्या विधी सदस्याच्या जागेवर तो स्वतःच वर्षाला दहा हजार पौंड पगारावर रुजू झाला. पगार अर्थातच हिंदुस्थानच्या तिजोरीतून.

जेम्स मिलचे चिरंजीव जॉन स्टुअर्ट मिल हे तर आपल्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातले स्वातंत्र्याचे दैवतच. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे त्यांनी कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केली. नोकरी संपल्यावर वर्षभरातच स्वातंत्र्यावरचा त्यांचा प्रबंध आला. व्यक्तीच्या आचरणात समाजाने कुठवर हस्तक्षेप करावा, याचे प्रसिद्ध सूत्र त्यात आहे आणि त्याला लागूनच अपवादही आहे: अज्ञान मुलांना हे तत्त्व लागू नाही, आणि ज्या समाजांत मानववंशच अजून अज्ञान अवस्थेत आहे, त्यांनाही नाही, रानटी लोकांच्या बाबतीत निरंकुश सत्ता हा राज्य करण्याचा रास्त मार्ग आहे, हेतू त्यांच्या सुधारणेचा असला म्हणजे झाले. परीक्षेत हा अपवाद कोणी विचारत नाही. तत्त्व शुद्ध आहे आणि अपवाद काळाचा, असे म्हणून पुढे जाण्याची आपली रीत. पण हे लेखन पस्तीस वर्षे हिंदुस्थानचे खलिते लिहिणाऱ्या माणसाचे आहे. त्याच्या दृष्टीने तो अपवाद म्हणजे जगातली बहुसंख्य माणसे होती, हे त्याला आकड्यांनिशी ठाऊक होते.

यावर दोन आक्षेप येतील, असे मला वाटते. पहिला असा की, याच परंपरेतून आपल्या नेत्यांनी समतेची भाषा उचलली. हो, उचलली. १८३३ च्या सनदेच्या ८७ व्या कलमात धर्म, जन्मस्थान, कुळ किंवा वर्ण यांवरून कोणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीत मज्जाव असणार नाही, असे म्हटले होते. वरिष्ठ मुलकी सेवेत पहिला हिंदी माणूस शिरायला त्यानंतर तीस वर्षे लागली. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये निवडले गेले. ते कलम कागदावर राहिले म्हणूनच दादाभाईंच्या पिढीला ते सरकारच्या तोंडावर पुनःपुन्हा फेकता आले. आयत्या मिळालेल्या भाषेपेक्षा ती वापरणाऱ्यांची चिकाटी मोठी होती, एवढेच माझे म्हणणे. दादाभाई १८८६ ची निवडणूक हरले, त्याविषयी बोलताना, एका ‘काळ्या माणसाला’ ब्रिटिश मतदारसंघ निवडून देण्याइतके पुढे गेलेले नाहीत, असे पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी १८८८ मध्ये जाहीर सभेत म्हणाले. १८९२ मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: आपल्या समाजात जातीच्या नावाने जे चालले होते, त्याचे काय? हिंदुस्थानला गुलामगिरीच्या कायद्यातून वगळण्याचे ६४ वे कलम पचनी पाडायला ‘तिथल्या रूढीत हात घालू नये’ हा युक्तिवाद उपयोगी पडला, आणि तो युक्तिवाद पुरवायला इथले वरिष्ठ वर्ग तयारच होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांना ही साखळी दोन्ही टोकांनी दिसत होती. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी स्पष्टपणे मांडले आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये, याच मताचा मी आहे. पण कृष्णवर्णीय अमेरिकनांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे जात आहे हे कळताच १९४६ मध्ये त्या निवेदनाची प्रत मागवण्यासाठी आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ज्या ड्यू बॉइस यांना लिहिले, त्यांनी १९१५ मध्येच, पहिले महायुद्ध चालू असताना, मांडले होते की, युरोपातल्या गोऱ्या कामगाराला मत आणि वाढीव मजुरी मिळाली ती आफ्रिका-आशियाच्या लुटीतला भागीदार म्हणून, आणि युद्धाचे मूळ या वाटणीच्या भांडणात आहे. आपल्या लेखमालेत या नावाचा अद्याप उल्लेख नाही.

मजुरांच्या जहाजांची गोष्ट आपल्या किनाऱ्यालाही लागते. मॉरिशसला कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही माणसे गेली; रत्नागिरीकडच्या अशा कुटुंबांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. ही पद्धत बंद करण्याचा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात मांडला. फसवणुकीवर उभी आणि बळजबरीवर चाललेली राक्षसी पद्धत, असे तिचे वर्णन त्यांनी केले. सरकारी सभासदांच्या बहुमताने ठराव फेटाळला गेला. त्या वेळी ब्रिटनमध्ये लिबरल पक्षाचे सरकार होते आणि उमरावांच्या सभागृहाचे पंख छाटून लोकनियुक्त सभागृहाला वरचढ केल्याला पुरते वर्षही झालेले नव्हते. भरती थांबली १९१७ मध्ये. ते पाहायला गोखले नव्हते.

लेखमालेचा पुढचा भाग १८६७ च्या सुधारणा कायद्यावर, म्हणजे शहरी कामगारांना मत मिळाले त्यावर, असेल असे आपण जाहीर केले आहे. लेखकांना विनंती की, त्यांनी त्याची सुरुवात दोन वर्षे आधी, ऑक्टोबर १८६५ मध्ये, जमैकातल्या मोरांट बे या गावापासून करावी. तिथल्या कोर्टासमोर जमलेल्या गरीब काळ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, दंगल पेटली आणि गव्हर्नर एअर याने लष्करी कायदा पुकारून चारशेहून अधिक माणसे मारली; शेतकऱ्यांचे पुढारी पॉल बोगल यांना फाशी झाली, आणि विधानसभेचे सदस्य जॉर्ज विल्यम गॉर्डन यांनाही. एअरवर खटला भरावा म्हणून स्थापन झालेल्या समितीचे नेतृत्व जॉन स्टुअर्ट मिल यांनी केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. डार्विन त्यांच्यासोबत होते, तर कार्लाइल आणि डिकन्स हे साहित्यिक एअरच्या पाठीशी. खटला उभा राहिला नाही. मात्र काळ्या बहुसंख्येच्या हाती उद्या सभागृह जाईल, या धास्तीने जमैकाच्या मळेवाल्या विधानसभेने स्वतःलाच बरखास्त करून घेतले आणि १८६६ पासून बेटावर लंडनहून थेट कारभार सुरू झाला. बर्मिंगहॅमचा कामगार मतदार झाला, त्याच्या आदल्याच वर्षी जमैकाचे होते नव्हते ते सभागृह गेले. सर्व प्रौढांना मत देणारी निवडणूक तिथे १९४४ मध्ये झाली.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
पुणे